बावीस जर्मन आणि एक चर

"वर ये! आधी वर ये त्या खड्ड्यातनं! गणपा, कान फुटलं का तुजं? फावडं टाक म्हणतोय!"

तात्या, म्हणजे माझे वडील, एवढ्या जोरात ओरडत होते की काटेवाडीच्या बागांतले पोपट उडून थेट इंदापुरात जाऊन बसले असतील. गोठ्यामागच्या पडीक तुकड्यात त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, कमरेइतक्या चरात उभे राहून माती वर फेकत होते. चर दोरी लावून आखलेला, सरळ, पाटीवर ओढलेल्या रेघेसारखा. बांधावर निम्मी वाडी जमली होती. जत्रेतल्या तमाशाला एवढी माणसं नव्हती.

"परवा शेळगावचं पाव्हणं सुपारी फोडाया याचं हाईत," तात्यांचा आवाज आता फाटला होता. "आन तू घरामागं हागाया खड्डं खणतुयास? ही कामं आपली हाईत का? फौजेत काय हेच शिकवलं तुला?"

नानांनी फावडं थांबवलं. कपाळाचा घाम बोटानं निपटून टाकला.

"व्हय," ते म्हणाले. "चार वर्षं हेच केलं. छावणी पडली की चर खणायचं, चुना टाकायचा, पाणी उकळायचं. माज्या हाताखाली आठ माणसं हुती. बंदूक उडवली ती चांदमारीच्या निशाणावर. फुडं नुसती पुसून ठिवली."

मग कुणीतरी विचारलं, "मग त्ये बावीस जर्मन, नाना?"

"कुठलं जर्मन?" नाना म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.

हशा असा उठला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. मी कुडाआड उभी होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि चर तर तयारच होता. कारण ते बावीसच्या बावीस जर्मन माझे होते. मीच त्यांना जन्म दिला होता आणि मीच नानांच्या हातून मारलं होतं.

यंदाही वैशाख लागला. आंब्याच्या साली टोपलीत पडल्या, त्यांच्यावर पहिली निळी माशी येऊन बसली, आणि माझ्या तोंडाची चव गेली. लोकांना वैशाख आला की मोगरा आठवतो म्हणे. असेल बाई. मला एकोणीसशे पन्नासनंतरचा तो एक वैशाख आठवतो, आणि त्याला वास होता. पण मोगऱ्याचा नव्हे.

त्या उन्हाळ्यात डागडुजीसाठी कालवा बंद ठेवला होता. आमची माणसं एके काळी मेंढरांमागं मुलूखभर फिरलेली. कालव्याचं पाणी आलं तशी एका जागी टेकली, ऊस-भाजीपाला करू लागली आणि स्वतःला बागायतदार म्हणवू लागली. पण कालवा आटला की बागायतदाराचं सोंग आठ दिवसांत उतरायचं. विहिरींना तळ लागला. कालव्याच्या पात्रात आमच्या शिवेवर एक डबकं उरलं होतं, हिरवं, जाड, साय धरलेलं. त्यातच म्हशी बसायच्या, त्यातच धुणं व्हायचं, आणि त्याच्याच काठाला झरा उकरून आम्ही प्यायचं पाणी भरायचो. कडेला झाड्याला बसायला गावच मोकळं. माश्या इतक्या की आमचा पांढराधोट खिलारी बैल दुपारी काळा दिसायचा. भाकरी खायला दोन माणसं लागायची, एक खाणारं आणि एक हाकलणारं. एकदा तात्यांनी चहाचा कप ओठाला लावला आणि म्हणाले, "आज चहात वेलदोडं घातल्यात वाटतं." आईनं दुसऱ्या कपावर बशी झाकली.

आणि आम्हा बायकांची बैठक बारामतीच्या रस्त्याकडेला. पहाटेची. कुणी गाडीवान, कुणी सायकलवाला आला की आम्ही सगळ्या लुगडी सावरून ताडकन उठून उभ्या राहायचो. परगावच्या माणसाला वाटावं, काय ही वाडी! येणाऱ्या-जाणाऱ्याला केवढा हा मान! तो पुढं गेला की पुन्हा बसायचं. दिवसभर कळ दाबून जन्मभर पोटं बिघडलेली, पण बोलायचं कुणाशी? आजही कुठल्या सभेत मंडळी एकदम उठून उभी राहिली की मला हसू येतं आणि लगेच मळमळतं.

तर ते जर्मन. नाना दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले होते. नाईक होऊन परतले, चार पदकं घेऊन. ती पदकं ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून. बोलायचे काहीच नाहीत. आता घरात पदकं असलेला माणूस आणि तो गप्प, हे माझ्यासारखीला सोसायचं कसं? धुण्याच्या दगडावर बायकांनी विचारलं, "तुजा चुलता लढाईत काय करत हुता गं शेवंता?" मी म्हणाले, दोन जर्मन मारले. पुढच्या धुण्याला पाच झाले. पाटलांच्या सुनेनं तिच्या भावाची फुशारकी मारली त्या दिवशी एकदम अकरा पडले. बावीसपर्यंत गेल्यावर मात्र मी थांबले. म्हटलं, जर्मनीतही कुणीतरी शिल्लक राहायला पाहिजे. त्यातले तीन तर मी एकाच संगिनीत ओवले होते, वांगी भाजायला सळईत ओवावीत तसे.

ही गोष्ट ओढ्या-नाल्यांनी वाहत शेळगावला पोचली. तिथल्या बापूरावांना गोष्टींचा भारी नाद. "अशा मर्दाच्या घरची पोर सून म्हणून पायजे," असं त्यांनी निरोप्याला सांगितलं म्हणे. मुलगा शिकलेला, इंदापुरात मास्तर. माझं रूप यथातथा, रंग सावळा, तोंड फटकळ. तेव्हा मला मिळणारं ते स्थळ माझ्या रूपावर नव्हे, गुणांवर नव्हे, बावीस मेलेल्या जर्मनांवर उभं होतं. आणि नाना चरात उभे राहून त्यांना एकेक करून जिवंत करत होते.

जत्रा उरकून चौथ्या दिवशी पहिलं माणूस आजारी पडलं. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेले. मग शेजारच्या घरात दोन. पटकी, म्हणजे कॉलरा, हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. "बाई आली" म्हणायचे. नाना घरोघर फिरून सांगत होते, पाणी उकळा, बाहेर बसू नका, चर खणा, घाण झाली की चुना टाका. लोक हसून म्हणायचे, "नाना, तुमी मर्द गडी, आन हे काय भंग्याचं बोलताय?" त्या एका शब्दात आमच्या वाडीचं सगळं शहाणपण होतं. ज्यांच्या माथी ते काम पिढ्यान्‌पिढ्या मारलं त्यांना वेशीबाहेर ठेवायचं, आणि घाण वेशीच्या आत.

वाडीनं उपाय केला तो असा. मरीआईचा गाडा काढला. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवीचा मुखवटा, हिरवं लुगडं, लिंबं, बांगड्या, आणि घरटी दहीभात. वाजत गाजत तो गाडा शिवेपार न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून मागं न बघता यायचं. म्हणजे रोग त्यांना. हे आम्ही देवीला हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, अगदी मनोभावे करायचो. शेजाऱ्याच्या दारात मरण ढकलताना माणसं किती भाविक दिसतात! पलीकडची वाडी काय कमी भाविक होती? त्यांनी दुसऱ्या दिवशी हलगी वाजवत गाडा परत आणून सोडला. मग आम्ही पुन्हा. मग ते पुन्हा. गाड्याच्या इतक्या खेपा झाल्या की चाकं झिजून चौकोनी झाली. आणि दोन गावांची शीव होती कुठं? डबक्यावर. दर खेपेला नवा दहीभात तिथंच काठाला ओतला जायचा, ऊन खायचा, फुगायचा, आणि घसरून पाण्यात जायचा. मग त्याच काठाला झऱ्यातून आम्ही घागरी भरायचो.

"देवीला भात पाण्याकडंला नगा ठिवू, माळावर ठिवा," एवढंच नाना हात जोडून सांगत होते. एकानं त्यांच्या अंगावर भंडारा फेकला आणि विचारलं, "इटलीत बाटलास का रं?"

म्हणून ते घरामागं एकटे खणायला लागले. आणि तात्या ओरडायला लागले.

त्या दुपारी सगळे पांगल्यावर मी चराशी गेले. नाना कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा बांधत होते.

"नाना," मी म्हणाले, "पाव्हणं जाऊस्तवर हे बंद ठेवा. आन चेष्टा केली म्हणून सांगा. माझं लगीन मोडंल."

ते पेंढी बांधत राहिले. मग म्हणाले, "तितं आमचा एक पोरगा हुता, सातारकडचा. गोळ्याच्या माऱ्यात तीन दिस बसला, वरखडा न्हाय. पोटानं ग्येला. माज्याच हद्दीत. त्यानं डबक्यातलं पाणी पेलं, मी बघितलं न्हाय." पेंढीला गाठ मारून म्हणाले, "हितं तुमा बायकांना दिवसाबी येता येईल. आतनं कडी बसवतो."

कडी! सगळ्या वाडीत आमच्या बायाबापड्यांसाठी असला विचार कुणाच्या डोक्यात आला होता? आज इतक्या वर्षांनी हे मला उमगतं. त्या दिवशी मात्र मला किळस आली. चुन्याचा वास मारणारे त्यांचे हात, फाटलेली नखं, ती कडीची भाषा. मी मनात म्हणाले, हा माणूस एखादा तरी जर्मन मारून आला असता तर काय बिघडलं असतं!

पाहुणे आले. बापूराव आणि त्यांचे दोन भाऊबंद. मी सकाळीच नानांना थाप मारली की लांबच्या मळ्यात चोर शिरतात, तात्यांनी दोन दिवस तिथंच राखणीला राहायला सांगितलंय. आणि त्यांना घरातून घालवलं. चुलीजवळ नानांनी उकळून ठेवलेली पाण्याची कळशी होती. त्या पाण्याला धुराचा वास यायचा. शेळगावच्या इनामदारी थाटाच्या माणसांना धुरकट पाणी? मी चकचकीत तांब्या घेतला आणि झऱ्यावरनं आणलेलं गार पाणी भरून दिलं. बापूरावांनी घटाघटा पिऊन तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "वा! आत्मा निवला." हे मी त्यांना जन्मात सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

सुपारी फुटली. पुरणपोळी झाली. मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या तयारीत असताना बापूराव अंगणात वाकले ते वाकलेच. मग जे सुरू झालं त्याचं वर्णन मी लिहिणार नाही म्हणता म्हणता लिहितेच: तांदळाच्या धुवणासारखं पाणी, दोन्ही वाटांनी, अंगणभर. बरोबरचे दोघे भाऊबंद, ज्यांनी आदल्या दिवशी "आमी बापूंसाठी जीव देऊ" म्हणत नऊ नऊ पोळ्या चेपल्या होत्या, त्यांनी नाकाला उपरणं लावून अशी गाडी पळवली की बैलांच्या मानेवर जू ठेवायलाही वेळ मिळाला नाही. तात्या ओसरीवर पाय वर घेऊन बसले. आई देव्हाऱ्यापुढं. शेजारणी भिंतीवरून डोकावून पदर नाकाला लावत होत्या. आणि मी, बावीस जर्मन मारणारी, न्हाणीत जाऊन ओकत होते.

मग मी मळ्याकडं पळत सुटले. तो एक मैल मी किती पावलांत काढला विचारू नका. वाटेत एक ससा मागं पडला. नानांनी माझं तोंड बघितलं आणि एकच विचारलं, "कुठलं पाणी पाजलंस?"

"झऱ्याचं."

नाना हातातली काठी टाकून उठले. पळाले.

दोन दिवस तो माणूस आमच्या गोठ्याच्या ओसरीला होता आणि दोन दिवस नाना त्याच्यापासून हलले नाहीत. उकळलेलं पाणी, त्यात मीठ आणि साखर, चमच्यानं. ओकला की पुन्हा चमचा. त्याचं धोतर काढलं, त्याला धुतलं, पुसलं, कोरडं नेसवलं, पुन्हा तेच. घाण टोपल्यात भरून चरात, वर चुना. कपडे जाळले. स्वतःचे हात इतके धुतले की कातडं सोललं. आणि तोंडानं सारखं फौजी हिंदी, जसं इटलीतच बसलेत: "पियो जवान, और पियो, शाब्बास." पन्नाशीच्या बापूरावांना जवान म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ना किळस, ना दया. आमच्याकडं भाकरी थापताना बाईचा चेहरा असतो तसा चेहरा.

बारामतीहून डॉक्टर सायकल मारत आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. सलाईनची बाटली गोठ्याच्या खुंटीला टांगली. चर बघितला, आडोसा बघितला, आतली कडी लावून बघितली. मग तात्यांना म्हणाला, "ह्यांनी पाणी पाजत ठेवलं नसतं तर माझी सायकल फुकट गेली असती."

बापूराव जगले. हळूहळू आमच्या आळीतली माणसं मागच्या दारानं येऊन नानांकडं चुना मागायला लागली. मागच्या दारानं बरं का, पुढच्या नाही. मग त्यांच्याही घरामागं चर दिसू लागले. गाडा शिवेवर मोडून पडला तो पडलाच.

लग्न माघात झालं. मांडवात बापूराव उठले, नानांना जरीचा फेटा बांधला, गळ्यात हार घातला, पदकं ट्रंकेतून काढून त्यांच्या कोटावर लावायला लावली, आणि भाषणाला उभे राहिले. "ह्या मर्दाचं उपकार," असं म्हणून त्यांनी नानांचे हात हातात घेतले. मी मुंडावळ्यांच्या आतून बघत होते. आता बोलतील, मला वाटलं. आता खरं सांगतील. बापूरावांनी डोळे पुसले आणि पुढं म्हणाले, "ह्या मर्दानं इटलीत बावीस जर्मन कापलं!" टाळ्या. मांडव हलला. तात्या टाळ्या वाजवत होते. नाना हाराखाली मान घालून उभे, जसा पोळ्याला सजवलेला बैल. मी बोलू शकले असते. मुंडावळ्या काही तोंडावर बांधत नाहीत. पण मी गप्प बसले, आणि आजवर घेतलेल्या घोटांतला सर्वांत घाणेरडा घोट तो होता, त्या डबक्याच्या पाण्यापेक्षाही.

आता चौकाचौकांत फलक लागतात. सैनिकांना वंदन, त्यांच्या त्यागाला सलाम, खाली सलाम करणाऱ्यांचे फोटो सैनिकापेक्षा मोठे. माळ, नारळ, शाल. मला त्या फुलांचाही वास सोसत नाही. कृतज्ञता म्हणे! आम्हाला आमच्या माणसानं मारलेली माणसं मोजायला आवडतात. त्यानं जगवलेली माणसं मोजायची तर आधी नाक धरावं लागतं. माझ्या नानांना पलटणीनं काय दिलं? बंदूक दिलीच नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्याची घाण न शरमता उचलायची सवय दिली, आणि ती त्यांनी समुद्र ओलांडून आमच्यासाठी घरी आणली. त्यांच्या पाया पडून मी ‘तुमचे उपकार’ म्हणाले असते तर त्यांना कळलं नसतं कशाचे. त्यांचं आपलं चालूच होतं, वाडीत, शेवटपर्यंत, फावडं घेऊन.

शेळगावात माझ्या सासरी जर्मनांची पैदास वाढत गेली. मी सोडलेल्या बावीसांचे मामंजींनी, म्हणजे बापूरावांनी, तीस केले, मग चाळीस. कुणी जेवायला आलं की ताटात वाढणी व्हायच्या आधी इटली सुरू. लग्नानंतर वर्षानं एकदा इंदापूरची पाच-सहा मंडळी पंगतीला होती. मामंजी सांगत होते, नाना डोंगरावरून घोड्यावर कसे उतरले, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात हातबॉम्ब. मी आमटी वाढत होते. घोडा ऐकला आणि माझ्या हातातला डाव थांबला. घोडा मीसुद्धा कधी दिला नव्हता.

"मामंजी," मी म्हणाले. सून पंगतीत बोलली म्हणून सगळ्यांनी वर बघितलं. "नानांनी एकबी जर्मन मारला न्हाय. ती गोष्ट मी रचली. त्यांनी तुमची घाण काढली, दोन दिवस, हातानं. तुमची माणसं नाक धरून पळाली तवा. म्हणून तुमी आज हितं बसून जेवताय. हे का सांगत न्हाय कुणाला?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं बघितलं. भाताचं आळं नीट केलं.

"व्हय," ते म्हणाले. "पर जेवताना कशाला काढतीस?"